रिमोटचे संकेत : चितेगावच्या कारखान्यापासून बजाजनगरच्या घरापर्यंत

टीव्हीच्या रिमोटवरचे बटण दाबले की त्याच्या टोकाशी असलेल्या एलईडीतून अवरक्त प्रकाश बाहेर पडतो. त्याची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असते, त्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही. सेकंदाच्या जेमतेम पंधराव्या भागात तो कितीतरी वेळा लागतो आणि विझतो. तेवढ्या वेळात दोन गोष्टी सांगून होतात : हुकूम कोणत्या उपकरणासाठी आहे आणि हुकूम काय आहे. प्रमुख कंपन्यांनी या संकेतांची रचना आपल्या आयसींच्या माहितीपत्रकांत छापलेली होती. त्यामुळे त्यात लपवण्यासारखे फारसे नव्हते. तरीही कित्येक वर्षे कारखान्याबाहेर ते कोणाला वाचता येत नव्हते, कारण वाचण्यासाठी मायक्रोसेकंद मोजणारे घड्याळ हाताशी लागते. मायक्रोकंट्रोलरने ते घड्याळ स्वस्त केले. घरगुती रिमोटचा इतिहास हा मुख्यतः या स्वस्ताईचा इतिहास आहे.

हा इतिहास बजाजनगरातून पाहण्याला कारण आहे. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या पश्चिमेला, नगर-पुणे रस्त्यावरील वाळूज औद्योगिक वसाहतीत १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने बजाजनगर ही कामगारवस्ती वाढली. वडगाव कोल्हाटी, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, छोटे पंढरपूर या गावांच्या शेजारी आखीव प्लॉट पडले, रो-हाऊस उभी राहिली आणि मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली कुटुंबे तीन पाळ्यांच्या हिशोबाने राहू लागली. याच दशकात शहराच्या दुसऱ्या बाजूला, पैठण रस्त्यावरील चितेगावात, रंगीत टीव्हीचे संच तयार होऊ लागले. एक-दोन तालुक्यांच्या परिघात संच जुळवणारे हात आणि संच विकत घेणारी घरे, दोन्ही होती. मराठवाड्याच्या उद्योगाबद्दल लिहिताना वाहननिर्मितीला जेवढी जागा मिळते, तेवढी या इलेक्ट्रॉनिक्सला मिळालेली नाही. ती मिळायला हवी.

दूरनियंत्रणाची सुरुवात अर्थातच फार लांब झाली. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० मध्ये काढलेला ‘लेझी बोन्स’ वायरने टीव्हीला जोडलेला होता. १९५५ मध्ये याच कंपनीतील यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ तयार केला. त्यात पडद्याच्या चार कोपऱ्यांवर प्रकाशसंवेदक बसवलेले होते आणि हातातल्या टॉर्चसारख्या यंत्राचा झोत त्यांवर मारायचा होता. उन्हाची तिरीप संवेदकावर पडली तरी चॅनेल बदलायचे. प्रकाशाने संदेश पाठवायचा तर तो आजूबाजूच्या प्रकाशापासून वेगळा ओळखता आला पाहिजे, हा पुढच्या सगळ्या रिमोटांचा मूळ प्रश्न या पहिल्याच प्रयत्नात समोर आला होता. झेनिथने मात्र तेव्हा प्रकाशच सोडून दिला. रॉबर्ट ॲडलर यांच्या १९५६ च्या ‘स्पेस कमांड’मध्ये ॲल्युमिनियमच्या चार दांड्यांवर छोट्या हातोड्या आपटत आणि माणसाला ऐकू न येणारा, ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज निघे. त्याला सेलही लागत नसत. पण एका दांडीला एकच हुकूम देता येई, आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी टीव्ही त्याला दाद देई. तरीही ध्वनिलहरींचे हे रिमोट सुमारे पाव शतक टिकले.

प्रकाशाकडे परत येण्याची वाट १९६२ मध्ये मोकळी झाली. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधील जेम्स बिअर्ड आणि गॅरी पिटमन यांनी गॅलियम आर्सेनाइडचा अवरक्त एलईडी तयार केला. दिव्याची तार तापायला आणि निवायला वेळ लागतो. एलईडी मात्र सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊ शकतो. प्रकाश इतक्या वेगाने हलवता आला म्हणजे त्यावर मजकूर लिहिता येतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अवरक्त रिमोट बाजारात आले आणि १९८० च्या दशकात त्यांनी ध्वनीचे रिमोट हटवले.

मराठवाड्यात त्या काळात रिमोटची गरजच नव्हती. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी आले. या भागातल्या छपरांवरचे अँटेना म्हैसमाळच्या डोंगरावरील दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे तोंड करून असत आणि दिसणारे चॅनेल एकच असे. संच एकदा जुळवला की आवाज आणि उजेड या दोन खुंट्यांपलीकडे कोणी हात लावत नसे. नंदलाल माधवलाल धूत यांनी उभ्या केलेल्या व्हिडिओकॉन समूहाने दशकाच्या मध्यात जपानच्या तोशिबाशी तांत्रिक सहकार्य करून रंगीत टीव्ही बनवायला घेतले, तेव्हाही रिमोट ही महागड्या मॉडेलची शान होती. मुंबईच्या ओनिडाने जेव्हीसीशी, तर बीपीएलने सान्योशी असेच सहकार्य केले होते. जपानी आयसी आल्या तशा त्यांच्या संकेतपद्धतीही भारतीय दिवाणखान्यांत आल्या. त्या कोणी निवडून घेतल्या नव्हत्या, सुट्या भागांबरोबर त्या आपोआप आल्या.

रिमोटला खरी गरज मिळवून दिली केबलने. १९९१ मध्ये उपग्रहावरून स्टार टीव्ही आला, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही, १९९९ मध्ये अल्फा मराठी. पाच-सहा वर्षांत एका चॅनेलची जागा कित्येक डझन चॅनेलांनी घेतली. दुसरी पाळी संपवून रात्री उशिरा घरी आलेल्या माणसाला प्रत्येक चॅनेलसाठी उठून संचापाशी जाणे शक्य नव्हते, आणि नव्या संचांच्या दर्शनी भागावर बटणेही मोजकीच उरली होती. वीज जाऊन आली की असे अनेक संच स्टँडबायमध्ये बसून राहत. भारनियमनाच्या वर्षांत रिमोट हरवणे म्हणजे टीव्ही अर्धा निकामी होणे होते.

आता त्या संकेतांच्या आत पाहायला हवे. साध्या रिमोटच्या आत एक आयसी, एक रेझोनेटर, एक किंवा दोन ट्रान्झिस्टर, एलईडी आणि कार्बनचे ठिपके असलेले रबराचे बटणपत्र असते. बटण दाबले की ठिपका पीसीबीवरच्या दोन पट्ट्या जोडतो, आयसी झोपेतून उठते आणि कोणती आडवी-उभी ओळ जुळली ते तपासून ठरलेला संकेत पाठवते. एरवी ती मायक्रोॲम्पिअरमध्ये मोजावा एवढाच प्रवाह घेते, म्हणून दोन सेल वर्षभर पुरतात.

एलईडी नुसता लावून ठेवला जात नाही. तो लागलेला असतानाही सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा स्पंदत असतो. ऊन, बल्ब, चूल या सगळ्यांतून अवरक्त प्रकाश येतो, पण त्यातले काहीही ३८ किलोहर्ट्झने स्पंदत नाही, म्हणून रिमोटचा प्रकाश त्या गर्दीतून वेगळा काढता येतो. फ्लॅश-मॅटिकला न सुटलेला प्रश्न असा सुटला. वाळूजच्या कारखान्यांत कन्व्हेअरवर वस्तू आली की नाही हे पाहणारे फोटोइलेक्ट्रिक सेन्सरही स्पंदणाराच प्रकाश वापरतात आणि तेही याच कारणासाठी. बजाजनगरातल्या देखभाल विभागातल्या फिटर-इलेक्ट्रिशियनांना हे तत्त्व घरच्या रिमोटआधी कामावर भेटलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

नेमके ३८ च का, याचे उत्तर रेडिओत सापडते. मिडियम वेव्ह रेडिओच्या मधल्या टप्प्यासाठी ४५५ किलोहर्ट्झचे सिरॅमिक घटक जगभर प्रचंड संख्येने बनत आणि म्हणून ते अत्यंत स्वस्त होते. रिमोटच्या आयसीने तोच रेझोनेटर वापरला आणि त्याच्या वारंवारितेला १२ ने भागले. उत्तर येते ३७.९ किलोहर्ट्झ. ४३२ चा रेझोनेटर घेतला तर ३६, ४८० चा घेतला तर ४०. फिलिप्स ३६ वर राहिली, सोनी ४० वर, आणि जपानी कंपन्यांचा मोठा गट ३८ वर. एका स्वस्त सुट्या भागाने एवढा मोठा तांत्रिक संकेत ठरवून टाकावा, हे या विषयातले सर्वांत लक्षात ठेवण्यासारखे प्रकरण आहे. या नात्याचा उपयोग दुरुस्तीवाल्यांनी फार आधी करून घेतला होता. मिडियम वेव्हवर लावलेल्या छोट्या रेडिओजवळ रिमोट धरून बटण दाबायचे. रेडिओ तुटक गुरगुरला तर रेझोनेटर जिवंत आहे असे समजायचे. पुढे मोबाइलचे कॅमेरे आले आणि त्यांच्या पडद्यावर एलईडीचा जांभळट उजेड दिसू लागला, तेव्हा ही तपासणी मागे पडली.

या स्पंदनांचे छोटे पुंजके आणि त्यांच्यामधली शांतता, यांच्या लांबीतून ० आणि १ तयार होतात. ते कसे तयार करायचे हे प्रत्येक कंपनीने वेगळे ठरवले. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत प्रत्येक बिट १.७७८ मिलिसेकंदांचा असतो आणि त्याच्या मध्यावर प्रकाश सुरू होतो की बंद होतो यावरून त्याचे मूल्य ठरते. एका संदेशात १४ बिट, त्यांतले ५ उपकरणाच्या पत्त्याचे आणि ६ हुकुमाचे. टीव्हीचा पत्ता ०, व्हिडिओ रेकॉर्डरचा ५. आवाज वाढवायला १६, कमी करायला १७, बंद करायला १३. यात एक हुशारीचा बिट आहे : बटण सोडून पुन्हा दाबले की तो उलटतो, दाबून धरले तर तसाच राहतो. त्यामुळे १ दाबून धरले आहे की ११ हवे आहे, हे संचाला कळते. सोनीने वेगळीच वाट धरली. तिथे पुंजक्याचीच लांबी बदलते, १ साठी १.२ आणि ० साठी ०.६ मिलिसेकंद.

भारतीय घरांत सर्वाधिक भेटते ती एनईसी पद्धत. तोशिबासह अनेक कंपन्यांनी ती किंवा तिच्यासारखी रचना वापरली. तिची सुरुवात ९ मिलिसेकंदांच्या लांब पुंजक्याने आणि ४.५ मिलिसेकंदांच्या शांततेने होते. नंतर ३२ बिट येतात. प्रत्येक बिट ०.५६२५ मिलिसेकंदांच्या पुंजक्याने सुरू होतो. त्यानंतरची शांतता तेवढीच असेल तर ०, तिप्पट असेल तर १. म्हणजे ० ला एकूण १.१२५ आणि १ ला २.२५ मिलिसेकंद लागतात. बत्तीस बिटांत आधी पत्त्याचे आठ, मग त्याच पत्त्याचे उलटवलेले आठ, मग हुकुमाचे आठ आणि पुन्हा ते उलटवून आठ. या दुहेरीपणामुळे दोन फायदे होतात. मूळ आणि उलट संख्यांची बेरीज २५५ आलीच पाहिजे. नाही आली तर संदेश बिघडलेला आहे असे समजून तो टाकून देता येतो. शिवाय शून्ये आणि एक नेहमी समसमान येत असल्याने कोणतेही बटण दाबले तरी संदेशाची लांबी तीच राहते, सुरुवातीसह ६७.५ मिलिसेकंद. सुरुवातीला सांगितलेला सेकंदाचा पंधरावा भाग तो हाच. बटण दाबून धरले तर साधारण दर ११० मिलिसेकंदांनी ९ मिलिसेकंदांचा पुंजका आणि २.२५ ची शांतता एवढीच छोटी खूण पुन्हा पुन्हा जाते. हुकूम पुन्हा पाठवला जात नाही.

ग्रहण करणाऱ्या बाजूला सुरुवातीला फोटोडायोड आणि त्याचा क्षीण प्रवाह वाढवणारी स्वतंत्र आयसी, असे दोन तुकडे पत्र्याच्या डबीत बसवलेले असत. सोनीची सीएक्स२०१०६ ही आयसी त्या काळात पुष्कळ वापरात होती. पुढे हे सगळे एका काळ्या, तीन पायांच्या भागात आले. फोटोडायोड, ॲम्प्लिफायर, ३८ किलोहर्ट्झची चाळणी, आपोआप संवेदनशीलता कमी-जास्त करणारे मंडल आणि स्पंदने काढून टाकणारा भाग, सारे काही त्यात. वरचे काळे इपॉक्सी दृश्य प्रकाश अडवते. टेलिफुंकेन-टेमिकच्या वारशातून व्हिशे कंपनीकडे आलेला टीएसओपी १७३८ हा भाग भारतात इतका रुळला की इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘सेन्सर’ म्हटले तरी तोच पुढे यायचा. त्याचा आउटपुट उलटा असतो : प्रकाश नसताना ५ व्होल्ट, पुंजका आला की शून्य. नंतरच्या ४८ मालिकेत पायांचा क्रम बदलला. जुन्या जागी नवा भाग तसाच बसवला तर पुरवठा चुकीच्या पायाला मिळतो. दुरुस्तीच्या टेबलावर हे माहीत असावे लागते. ट्यूबलाइटची इलेक्ट्रॉनिक चोक आणि नंतर सीएफएल दिवे यांनी मात्र या सेन्सरला पुष्कळ छळले, कारण त्यांची चालू-बंद होण्याची गतीही नेमकी याच पट्ट्याच्या जवळ असते. संध्याकाळी दिवा लावल्यावर रिमोट चालेनासा झाला, तर दोष बहुतेक वेळा रिमोटचा नसे.

सेन्सर हातात आला तरी संकेत वाचता येत नव्हता, आणि १९९० च्या दशकातील हौशी मंडले हेच दाखवतात. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सुट्या भागांतून जे ‘रिमोट स्विच’ बनत, त्यांत टीएसओपीचा आउटपुट ५५५ टाइमर आयसीला, तिचा ४०१७ मोजणी आयसीला आणि तिचा ट्रान्झिस्टरमार्फत रिलेला जोडलेला असे. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ सारख्या मासिकांतून अशी मंडले घरोघरच्या हौशी हातांपर्यंत गेली. कोणत्याही रिमोटचे कोणतेही बटण दाबले की पंखा चालू, पुन्हा दाबले की बंद. टीव्हीचा आवाज वाढवला तरी पंखा बंद पडायचा. हे मंडल संकेत आला एवढेच ओळखत होते, संकेत काय म्हणतो ते त्याला कळत नव्हते. ओळखणे आणि वाचणे यांतले हे अंतर काही ट्रान्झिस्टर वाढवून भरून निघणारे नव्हते. त्याला मोजणी, स्मरण आणि तुलना हवी होती.

टीव्हीच्या आत हे काम आधीपासून मायक्रोकंट्रोलर करतच होता. इंटेलच्या १९७६ च्या ८०४८ घराण्यातल्या आणि तत्सम आयसी ट्यूनर, आवाज आणि रिमोट एकत्र सांभाळत. पण त्यांतला प्रोग्राम कारखान्यातच कोरलेला असे. तो बदलण्याची सोय दुरुस्तीवाल्याला नव्हती. इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१ चे ८७५१ हे रूप प्रोग्राम करता येई. मात्र चूक झाली की त्याच्या काचेच्या खिडकीतून अतिनील दिव्याचा प्रकाश पाडून जुना प्रोग्राम पुसावा लागे. १९९० च्या दशकात ॲटमेलने ८९सी५१ आणली. तिची ४ किलोबाइटची फ्लॅश मेमरी विजेनेच पुसता येई आणि तीच आयसी हजार वेळा लिहिता येई. शिकणाऱ्याला चुका परवडू लागल्या. हा बदल ८०५१ च्या शोधापेक्षाही भारतीय महाविद्यालयांसाठी मोठा मानावा लागेल.

औरंगाबादेत हे शिकण्याची ठिकाणे होती. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचे, जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी महाविद्यालय १९८२ चे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स रचना आणि प्रशिक्षणाची संस्था आली. तिला २०११ पासून नायलिट म्हणतात. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड होता. मुहम्मद अली मझिदी यांचे ८०५१ वरील पाठ्यपुस्तक देशभरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हातात होते आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत ‘रिमोटने घरातील उपकरणांचे नियंत्रण’ हा विषय वर्षानुवर्षे फिरत राहिला. तो इतका फिरला की त्याची टवाळी होऊ लागली. पण ती टवाळी या प्रकल्पाला न्याय देत नाही. इंटरप्ट, टाइमर, बिटांची सरकवासरकव, चूक तपासणी, रिले चालवणे हे सगळे एका वीस ओळींच्या प्रश्नात एकत्र शिकवणारा, आणि ज्याचे इनपुट प्रत्येक घरात आधीच पडलेले आहे, असा दुसरा प्रकल्प शोधणे अवघड आहे.

वाचनाची रीत अशी. सेन्सरचा आउटपुट ८०५१ च्या बाराव्या पायाला, म्हणजे बाहेरच्या इंटरप्टला जोडायचा. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर टाइमर बरोबर एका मायक्रोसेकंदाने एक पाऊल पुढे जातो. आउटपुट ५ व्होल्टवरून शून्यावर आला की इंटरप्ट होतो. त्या क्षणी टाइमरमधला आकडा वाचून ठेवायचा, टाइमर शून्य करायचा आणि पुढच्या उतरंडीची वाट पाहायची. एनईसी पद्धतीत दोन उतरंडींमधले अंतर चारच प्रकारचे येते : १३,५०० च्या आसपास असेल तर नवा संदेश सुरू झाला, १,१२५ असेल तर ०, २,२५० असेल तर १ आणि ११,२५० असेल तर दाबून धरलेल्या बटणाची खूण. ० आणि १ यांच्यातली सीमारेषा मध्यावर, १,७०० च्या जरा अलीकडे ठेवायची.

पुंजक्याची लांबी वेगळी आणि शांततेची लांबी वेगळी मोजली तर मात्र आकडे फसवतात. टीएसओपीच्या आतल्या चाळणीला पुंजका ओळखायला काही स्पंदने लागतात आणि तो संपल्याचे कळायलाही काही लागतात. ही दोन अंतरे सारखी नसतात. रिमोट जवळ असताना पुंजका लांबतो, दूर असताना आखडतो. पण उतरंडीपासून उतरंडीपर्यंत मोजले की सुरुवातीचा उशीर दोन्हीकडे सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो. एनईसीच्या एका पुंजक्यात जेमतेम २१ स्पंदने असतात, त्यामुळे ही काळजी बारीक वाटली तरी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून रिमोट चालतो की नाही, हे तिच्यावर ठरते. आणखी एक खाचखळगा टाइमरच्या मर्यादेचा आहे. १६ बिटांचा टाइमर ६५,५३६ मायक्रोसेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो आणि पूर्ण संदेश ६७,५०० चा असतो. संपूर्ण संदेश एका मोजणीत धरायला गेले की तो शेवटी निसटतो. अंतर तुकड्या-तुकड्याने मोजले तर हा प्रश्नच येत नाही.

मिळालेले बिट एकामागून एक नोंदीत सरकवायचे. लहान मूल्याचा बिट आधी येतो, हे विसरले तर आकडा उलटा बसतो. समजा हुकूम १६ आहे. तो ०, ०, ०, ०, १, ०, ०, ० असा येईल आणि पाठोपाठ १, १, १, १, ०, १, १, १ असा त्याचा उलटा, म्हणजे २३९. बेरीज २५५, संदेश ग्राह्य. आता पत्ता आपल्या उपकरणाचा आहे का ते पाहायचे, हुकूम तक्त्याशी ताडायचा आणि रिले किंवा पंख्यासाठी ट्रायॅक चालवायचा. आरसी-५ साठी ही रीत बदलावी लागते, कारण तिथे अंतराऐवजी बिटाच्या मध्यावरची दिशा पाहायची असते. अनोळखी रिमोट आला तर आधी सगळी अंतरे नुसती मोजून संगणकाच्या पडद्यावर आणायची. पहिला आकडा ९,००० च्या जवळ दिसला तर एनईसीचे घराणे, २,४०० च्या जवळ दिसला तर सोनीचे, आणि सगळेच आकडे ८८९ किंवा त्याच्या दुपटीत आले तर फिलिप्सचे. ज्याने हे एकदा हाताने केले त्याला अनोळखी रिमोटचे कोडे फार वेळ अडवू शकत नाही.

पुढे हे काम आणखी सोपे झाले. इटलीतल्या इव्हरियामध्ये २००५ मध्ये अर्डुइनो जन्मले. २००९ मध्ये केन शिरीफ यांनी त्यासाठी रिमोटचे संकेत वाचणारे आणि पाठवणारे तयार प्रोग्राम खुले केले. २०१४ नंतर ईएसपी८२६६ सारख्या वायफाय असलेल्या स्वस्त आयसी आल्या आणि मोबाइलवरून आलेला हुकूम अवरक्त संकेतात बदलून जुन्या एसीला देणे घरबसल्या जमू लागले. या सोयीत काही गमावलेही. तयार प्रोग्राम वापरणाऱ्याला पडद्यावर थेट आकडा दिसतो, त्यामागची अंतरे दिसत नाहीत. त्यामुळे प्रोग्रामला न ओळखता येणारा रिमोट समोर आला की तो अडतो.

असा रिमोट बहुतेकदा एसीचा असतो. टीव्हीचा रिमोट फक्त दाबलेल्या बटणाचा क्रमांक पाठवतो, उरलेले सगळे टीव्हीला माहीत असते. एसीच्या रिमोटवर स्वतःचा पडदा असतो आणि तो दर वेळी पूर्ण स्थिती पाठवतो : चालू की बंद, थंड की कोरडे, तापमान किती, पंख्याचा वेग किती. म्हणून त्याचे संदेश अनेकदा शंभराहून अधिक बिटांचे होतात आणि शेवटी तपासणीची बेरीज जोडलेली असते. तापमान २४ वरून २५ केले तर दोन जागचे बिट बदलतात, एक तापमानाचा आणि एक बेरजेचा. अशी दोन-दोन बटणे दाबून, संदेश एकाखाली एक लिहून, काय बदलले ते शोधत जाणे हीच या वाचनाची रीत आहे. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, एसी मध्यमवर्गीय घरांत शिरला आहे आणि त्याचा रिमोट बिघडला की नेमका तोच न मिळणे ही नेहमीची अडचण आहे. म्हणून या श्रमाला आज टीव्हीच्या संकेतांपेक्षा जास्त मोल आहे.

दुसऱ्या रिमोटचे संकेत वाचणारी आयसी नकळत घराघरांत पोचली ती सेट-टॉप बॉक्सबरोबर. केबलच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ ही मुदत घातलेल्या शहरांत औरंगाबाद होते. डीटीएच त्याआधीच आले होते आणि व्हिडिओकॉनची स्वतःची डी२एच सेवा २००९ मध्ये सुरू झाली होती. या बॉक्सांच्या पुष्कळ रिमोटांवर एका कोपऱ्यात टीव्हीसाठी राखलेली चार-पाच बटणे असतात. दोन रिमोट समोरासमोर धरून टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबले की ही बटणे त्याचा संकेत शिकून घेतात. अमेरिकेत जीईने १९८५ मध्ये असा शिकणारा रिमोट विकायला काढला होता आणि ॲपलचे स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९८७ मध्ये ‘कोअर’ नावाचा रिमोट केला होता. तेव्हा ती महाग चैन होती. आता तेच काम केबलवाल्याने दिलेल्या रिमोटमध्ये होते, आणि ते करणाऱ्या बहुतेकांना आपण संकेत वाचून साठवतो आहोत याची कल्पना नसते.

व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज जून २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिचे संच मात्र घरांत राहिले. त्यांच्या रिमोटची जागा बाजारातल्या सर्वसमावेशक रिमोटांनी घेतली. त्यांत कित्येक कंपन्यांचे संकेततक्ते आधीच भरलेले असतात आणि क्रमांक देऊन किंवा बटण दाबून ठेवून जुळणारा तक्ता शोधावा लागतो. दुसरीकडे घरातले एक जुने उपकरण रिमोटवर नव्याने आले. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्गने ब्रशविरहित मोटारीचे छतपंखे बाजारात आणले. साध्या पंख्याला ७५ वॉटच्या आसपास वीज लागते, या पंख्यांना २८ ते ३५. त्यांच्या मोटारीला मायक्रोकंट्रोलर लागतोच, त्यामुळे भिंतीवरच्या रेग्युलेटरची जागा अवरक्त रिमोटने घेतली आणि इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. एका खोलीत तीन पंखे असतील तर एका रिमोटला तिन्ही ऐकतात, कारण पत्ता एकच असतो. ही तक्रार सोडवायलाही शेवटी संकेतातला पत्ता वाचावाच लागतो.

स्मार्ट टीव्हीचे रिमोट आता आवाज ऐकतात आणि ब्लूटूथने बोलतात. पण त्यांच्या टोकाशी अनेकदा अवरक्त एलईडी शिल्लक असतो. ब्लूटूथची जोडणी टीव्ही जागा असताना चालते. पूर्ण झोपलेल्या संचाला उठवण्यासाठी, आणि नव्या संचाशी पहिली ओळख होण्याआधी चालावे म्हणून, चालू-बंदचे बटण पुष्कळ मॉडेलांत अजून अवरक्तावरच आहे. संचातला तीन पायांचा सेन्सर मिलिॲम्पिअरच्याही अंशाइतका प्रवाह घेऊन रात्रभर जागा राहतो, आणि त्याच्या मागचा मायक्रोकंट्रोलर पहिली उतरंड येताच टाइमर सुरू करतो.